कार्पेट धुण्यासाठी केमिकल कुठलं घ्यावं? (सांगली-मिरज)

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागेत आमचं सोफे आणि गाद्या धुण्याचं काम आहे, मी आणि धाकटा भाऊ मिळून बघतो. आता कार्पेटची कामंही यायला लागलीत. मंगल कार्यालयं आहेत, मिरजेतले दवाखाने आहेत, आणि काही बंगल्यांत काश्मिरी, भदोहीचे गालिचे आहेत. गणपती पेठेत चौकशी केली तर प्रत्येक दुकानदार वेगळाच कॅन पुढं करतो. कुणी म्हणतो फेसाचा शाम्पू न्या, कुणी म्हणतो ॲसिड स्लरी आणि कॉस्टिक सोडा घेऊन घरीच बनवा, एकानं तर "पांढरं निघायला पाहिजे ना, मग हायपो टाका" असं सांगितलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की गिऱ्हाइकाचं कार्पेट खराब होऊ नये, कामावरच्या पोरांच्या हाताडोळ्यांना इजा होऊ नये आणि चौरस फुटामागचा खर्च परवडावा. सगळीकडे चालेल असं एकच केमिकल आहे का?

लोकरीचा_धागा

नाही, आणि असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून घेऊ नका.

हायपोचं आधी सांगतो, कारण तो सल्ला सगळ्यात महागात पडतो. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. लोकर आणि रेशीम ही प्रथिनं आहेत, आपल्या केसांसारखी. हायपोत लोकरीचा दोरा टाकून ठेवा, आधी पिवळा पडतो, मग बुळबुळीत होतो आणि शेवटी विरघळूनच जातो. लाख रुपयांचा काश्मिरी गालिचा असा गेला तर भरून कोण देणार? नायलॉनचाही तो रंग खातो, धागा कमजोर करतो. कार्पेटच्या गाडीत हायपोचा कॅन ठेवूच नका, म्हणजे घाईत कुणाचा हातच जाणार नाही.

दुकानात जायच्या आधी समोरचं कार्पेट कशाचं आहे ते ओळखायला शिका. कडेचे किंवा मागच्या बाजूचे चार धागे काढा, चिमट्यात धरून काडीनं पेटवा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटानं चुरली तर लोकर किंवा रेशीम. कागदासारखं भुरुभुरु जळून मऊ राख पडली तर सुती, ताग नाहीतर व्हिस्कोस. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. सिंथेटिकमध्ये पुन्हा निवड करायची तर धागा पाण्याच्या वाटीत दाबून बुडवा आणि सोडा. वर तरंगत आला तर पॉलिप्रोपिलीन. ते पाण्यापेक्षा हलकं असतं. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात.

हे का करायचं? लोकरीला सौम्य लागतं, पीएच साधारण ५ ते ८च्या आत. (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप: ७ म्हणजे न्यूट्रल, खाली आम्ल, वर अल्कली म्हणजे सोड्यासारखं.) नायलॉनला १०पर्यंत बहुधा चालतं. पॉलिप्रोपिलीन अल्कलीला दाद देत नाही, पण तेल मात्र घट्ट धरून ठेवतं, त्यामुळं तिथं तेलकटपणा काढणारं काहीतरी लागतं. आणि व्हिस्कोस, ज्याला हल्ली "बांबू सिल्क" म्हणून विकतात, ते ओलं झालं की कमजोर पडतं, लव चपटी होते, पिवळट झाक येते. असं कार्पेट आलं तर सुरुवातीची काही वर्षं हात जोडून परत पाठवा. खरंच सांगतो.

कुपवाडची_केमिस्ट

मी डिटर्जंटच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते, त्यामुळं ॲसिड स्लरीवर बोलायलाच पाहिजे.

ॲसिड स्लरी म्हणजे कपड्याच्या पावडरीतला मुख्य घटक. ती स्वतः जबर आम्ल असते, कॉस्टिक घालून ती शांत करावी लागते. कारखान्यात हे मोजून-मापून, दर बॅचला तपासून होतं. घरी बादलीत अंदाजानं करताना कॉस्टिक थोडं जास्त पडलं की पीएच १२-१३वर जातो. पीएचचं माप दर अंकाला दहापट बदलतं, म्हणजे ८ आणि ११ यांत तीनचा नाही, हजारपटीचा फरक आहे. लोकर तर त्यात जातेच, पोरांच्या बोटांची सालंही निघतात. वर कॉस्टिकचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. चार पैसे वाचवायला हे करू नका.

आणि शाम्पूचं. फेस बघून गिऱ्हाईक खूश होतं, पण फेसाचा आणि मळ निघण्याचा संबंध फार थोडा आहे. कार्पेट हे कपड्यासारखं तीन पाण्यांतून काढता येत नाही. जे टाकाल त्यातलं काही ना काही आत राहणारच. ते राहिलेलं चिकट असेल तर चपलांची धूळ त्याला धरून बसते आणि महिन्याभरात धुतलेली जागाच न धुतलेल्या जागेपेक्षा काळी दिसायला लागते. मग गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्ही धुतल्यापासूनच घाण होतंय." त्यात ते खोटं बोलत नसतं.

याची तपासणी फुकटात होते. जेवढं पातळ करून वापरणार तेवढंच पातळ करून काचेच्या बशीत थोडं ओता आणि रात्रभर सुकू द्या. सकाळी बोटानं खरवडा. काकवीसारखं चिकट निघालं तर तो कॅन दुकानदाराला परत. कोरडा, ठिसूळ पापुद्रा निघाला, चुरला, तर तो व्हॅक्यूमनं ओढला जाईल. "एन्कॅप" म्हणून जी नवी केमिकलं मिळतात त्यांत हेच मुद्दाम घडवून आणलेलं असतं: आतला पॉलिमर मळाला गुंडाळून घेतो, सुकल्यावर त्याचे कण होतात आणि पुढच्या व्हॅक्यूमला निघून येतात. दवाखान्याच्या किंवा ऑफिसच्या पातळ कार्पेटला हे उत्तम, पाणीही कमी लागतं.

पीएच पेपरची गुंडाळी मात्र घ्याच. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते, किंमत किरकोळ आहे. कॅनवर "न्यूट्रल" छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका, तुमच्या पाण्यात तयार केलेलं द्रावण तपासा.

जत_बोअरवेल

पाण्याचा विषय काढलाच आहे तर, ताई, आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड आहे की साबणाला फेसच येत नाही, वर दह्यासारखी साय धरते. सांगलीत कृष्णेचं नळाचं पाणी असतंय, तिथं चालून जातंय. पण हे काम घेऊन जत, आटपाडीकडं आलात तर?

कुपवाडची_केमिस्ट

बरोबर मुद्दा. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला आधी पकडतं, मग मळासाठी काही शिल्लक राहत नाही. ती "साय" म्हणजे तोच वाया गेलेला साबण, आणि तो कार्पेटमध्येच बसतो. दोन मार्ग आहेत. एक तर पाणी शांत करणारे घटक आधीच घातलेलं केमिकल घ्या, म्हणजे ईडीटीए किंवा फॉस्फेटवालं. नाहीतर लांबच्या कामाला निघताना टाकीत नळाचं पाणी भरूनच निघा. मी दुसरं सुचवेन, त्याला खर्च नाही.

तासगाव_मंडप

एवढं सगळं कशाला लागतंय? आमच्या मंडपाची लाल-हिरवी कार्पेटं आम्ही कपड्याच्या पावडरीनंच धुतो. अंगणात पसरायची, ब्रश मारायचा, पाइपनं पाणी मारायचं, उन्हात टाकायचं. वर्षानुवर्षं चाललंय.

लोकरीचा_धागा

दादा, तुमच्या मालाला ते चालतंच. ते पातळ, दाबून बनवलेलं सिंथेटिक कार्पेट असतं, मागं ताग नाही, खाली फरशी नाही, उचलून दोन्ही बाजूंनी धुता येतं, पाण्याचा मारा करून पावडर निघून जाते. तिथं महागडं केमिकल घालणं म्हणजे पैसे गटारात. फक्त पावडर आधी बादलीत पूर्ण विरघळवून टाका, वर भुरभुरू नका, म्हणजे पांढरे डाग राहणार नाहीत.

पण हीच रीत हॉलमध्ये चिकटवलेल्या किंवा मागं ताग असलेल्या कार्पेटला लावली की घोळ होतो. तागात पाणी मुरलं की त्यातला तपकिरी रंग सुकता सुकता वर चढतो आणि धाग्यांच्या टोकावर चहा सांडल्यासारखे डाग दिसतात. अल्कली जास्त असेल तर आणखीच. तिथं कमी पाणी, आणि शेवटच्या पाण्यात सायट्रिक ॲसिड. थोडं थोडं टाकत पीएच पेपरवर ५च्या आसपास आणायचं. सायट्रिक किराणा होलसेलला लिंबूफूल म्हणून किलोवर मिळतं, स्वस्त आहे. लोकरीच्या गालिच्यालाही शेवटी हेच पाणी द्या, लव मऊ राहते आणि रंग फुटायची भीती कमी होते.

विश्रामबागकर

खूप उपयोगी माहिती मिळतेय, मनापासून आभार. एक अडचण लगेच समोर आहे. कार्यालयात हळदीचा कार्यक्रम झाला की कार्पेटवर हळद सांडलेली असतेच. शाम्पू लावला की डाग जायचा सोडून लालभडक होतो. मालक म्हणतात, तुम्ही कार्पेट जाळलं.

लोकरीचा_धागा

हळदीच्या गावात हा प्रश्न येणारच!

जळलेलं काही नसतं. हळदीतलं कुर्क्युमिन आम्लात पिवळं आणि अल्कलीत तांबडं होतं. हळदीत चुना कालवून कुंकू करायचे ते याच गुणावर. तुमच्या शाम्पूचा पीएच ९-१०च्या पुढं असणार, त्यानं डागाचं कुंकू केलं.

मालकासमोरच करून दाखवा: लाल झालेल्या जागेवर लिंबूफुलाचं पातळ पाणी स्प्रे करा. डोळ्यांदेखत लाल रंग मागं सरकतो आणि जागा पुन्हा पिवळी होते. मी हे दर लग्नसराईत करतो. माणसाचा चेहरा लगेच सैल होतो, आणि आपल्यालाही शांतपणे पुढचं काम करता येतं.

डाग मात्र अजून तिथंच आहे. कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं. शिवाय उटण्यासारखी लावायची हळद तेलात कालवलेली असते. म्हणून वाळलेलं आधी खरवडून व्हॅक्यूम करा. मग पांढऱ्या सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल (हे एक स्पिरिटच, लगेच पेट घेतं) घ्या आणि डागावर बाहेरून आत टिपत या. घासायचं नाही. फडकं पिवळं होत राहील, घडी बदलत राहा. खिडक्या उघड्या, जवळ समई, उदबत्ती, सिगारेट काही नको. कार्यालयात हे हमखास जवळपास असतं, म्हणून आवर्जून सांगतो. तेलासाठी न्यूट्रल डिटर्जंट. त्यानंतर जी फिकट पिवळी झाक उरते तिला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. आधी कोपऱ्यात रंग जातो का ते बघून घ्यायचं, गडद लोकरीवर तर नकोच.

आणि उचलता येणारं कार्पेट असेल तर ऊन. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. मंडपवाल्या दादांची कार्पेटं उन्हात स्वच्छ निघतात त्यात पावडरीइतकाच सूर्याचाही हात आहे.

तासगाव_मंडप

हे पटलं. उन्हात टाकलं की हळद जातेय हे बघितलेलं, का जातेय ते आज कळलं.

गणपतीपेठ_होलसेल

मी सफाईच्या सामानाचा व्यापार करतो. खर्चाचं मी सांगतो, कारण इथं सगळे कॅनची किंमत बघतात आणि फसतात.

समजा एक कॅन ५ लिटर ६५० रुपयांना आहे आणि १ला १० पाणी घालायचं. म्हणजे १३० रुपयांत ११ लिटर, लिटरला जवळपास १२ रुपये. दुसरा कॅन ५ लिटर १८०० रुपयांना, १ला ६० पाणी. म्हणजे ३६० रुपयांत ६१ लिटर, लिटरला सहाच्या आत. तिप्पट महाग दिसणारा कॅन वापरात निम्म्यानं स्वस्त पडला. तयार द्रावणाच्या एका लिटरमध्ये ६० फूट होतंय असं धरा, तर पहिला फुटाला २० पैसे, दुसरा १०. म्हणून दुकानात पहिला प्रश्न "कितीला?" नाही, "किती पाण्यात?" असा विचारायचा.

पण हेही बघा की फुटामागं आपण रुपयांत दर घेतो आणि केमिकल पैशांत जातं. खरा खर्च पोरांचा रोज, डिझेल आणि तक्रार आल्यावर परत जावं लागतं तो. मोजायला एक मापाची बाटली द्या. पोरं "जरा जास्त टाकू, चांगलं निघेल" म्हणून दुप्पट ओततात, त्यात पैसेही जातात आणि चिकटपणाही राहतो.

पाचगणी_हाऊसकीपिंग

सातारा जिल्ह्याकडून थोडं. आमच्याकडं हॉटेलांत कार्पेट भरपूर आणि पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की पाण्यानं धुतलेलं कार्पेट दुसऱ्या दिवशीही दमट लागतं, मग कुबट वास आणि बुरशी. त्यावर सुगंधी स्प्रे मारणं म्हणजे पाहुण्यांच्या नाकाला शिक्षा, दम्याच्या माणसाला तर त्रासच.

आम्ही वर्षाचं खोल धुणं पाऊस सुरू व्हायच्या आत उरकतो. पावसाळ्यात फक्त एन्कॅप, आणि त्यानंतर ब्लोअर लावून खोली बंद करायची नाही, हवा बाहेर पडू द्यायची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोजचं व्हॅक्यूम. कार्पेटमधला बहुतेक मळ सुकी मातीच असते. ती कोरडी असतानाच काढली तर केमिकल निम्मंच लागतं. ओली केली की तिचा चिखल होतो आणि मग तो चिखल काढायला आपण केमिकल विकत घेतो.

विश्रामबागकर

दवाखान्यांचं काय? रक्ताचे डाग असतात. एन्झाइमवालं केमिकल घ्यायला एकानं सांगितलंय.

कुपवाडची_केमिस्ट

सिंथेटिकवर एन्झाइम चांगलं. पण प्रथिनं तोडणारं एन्झाइम लोकर आणि रेशीम यांनाही प्रथिन म्हणूनच बघतं, तिथं वापरू नका. रक्ताला गार पाणी, गरम कधीच नाही, गरमानं ते घट्ट बसतं. हातमोजे नायट्राइलचे आणि ते त्याच कामापुरते.

आता सुरक्षिततेचं थोडं कडक बोलते. पोरांना पाठ करून द्या: दोन केमिकलं एकत्र करायची नाहीत. हायपोत टॉयलेटचं ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो जीवघेणा आहे. तुम्ही हायपो ठेवणार नाही, पण दवाखान्याच्या सफाईवाल्याकडं तो असतो आणि बादली त्याचीच घेतली जाते. बादली स्वतःची न्या.

लोखंडी खुर्च्यांच्या पायांचे गंजाचे डाग काढायला एक बाटली मिळते, तिच्यावर हायड्रोफ्लोरिक ॲसिड लिहिलेलं असेल तर हातही लावू नका. ते कातडीतून हाडापर्यंत जातं आणि कधीकधी सुरुवातीला दुखतही नाही, त्यामुळं माणूस गाफील राहतो. गंजाला आधी लिंबूफूल वापरून बघा, नाहीच निघालं तर ऑक्झॅलिक ॲसिड. तेही विषारी आहे, हातमोजे-चष्म्याशिवाय नको आणि नंतर पाण्यानं पूर्ण काढायचं.

केमिकल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून कुणीही ठेवायचं नाही. दर बाटलीवर मराठीत नाव आणि तारीख. आणि विकणाऱ्याकडून सेफ्टी डेटा शीट मागा, म्हणजे केमिकलचे धोके आणि काळजी लिहिलेला कागद. चांगल्या कंपनीकडं ती असतेच. "असलं काही नसतं" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

हरिपूर_घाट

पुरात भिजलेल्या कार्पेटचं कुणी सांगेल का? २०१९ला आणि पुन्हा २०२१ला आमच्या भागात पाणी आलं तेव्हा लोकांनी हॉलमधली कार्पेटं फिनेल टाकून धुतली आणि परत पसरली.

लोकरीचा_धागा

पुराच्या पाण्यात ड्रेनेज मिसळलेलं असतं. फरशीला चिकटवलेलं आणि खाली फोम असलेलं कार्पेट त्यात बुडलं तर ते टाकून द्या. फोममधलं आत गेलेलं कुठल्याही केमिकलनं बाहेर येत नाही, फिनेलनं फक्त वास झाकला जातो आणि त्यावर लहान मुलं रांगतात. हातानं विणलेला लोकरी गालिचा असेल तर तो वाचवता येतो, पण घरी नाही. लगेच वाहत्या गार पाण्यात मातीचा एकूण एक कण निघेपर्यंत धुवून, न्यूट्रल डिटर्जंट, सायट्रिक आणि दोन्ही बाजूंनी हवा लागेल असा टांगून. दोन-तीन दिवस गुंडाळून ठेवला तर संपला.

विश्रामबागकर

तर सुरुवातीला माझी खरेदी अशी ठरतेय: लोकरीला चालणारं एक न्यूट्रल, सिंथेटिकसाठी पीएच ९-१०चं एक, ऑफिस-दवाखान्यांना एन्कॅप, लिंबूफूल, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पीएच पेपर. पेरॉक्साइड ५० टक्क्यांचं मोठ्या कॅनमध्ये स्वस्त मिळतंय, तेच घेऊन पातळ करू का?

कुपवाडची_केमिस्ट

यादी छान आहे. ५० टक्क्यांचं घेऊ नका. एक थेंब कातडीवर पडला तरी जागा पांढरी पडून भाजते, कॅन उन्हात तापला तर आत ऑक्सिजन साठून फुगतो, आणि सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये गाडीत काय तापमान असतं ते तुम्हीच बघता. मेडिकलमध्ये २० व्हॉल्यूम म्हणून मिळतं ते ६ टक्के असतं. त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के झालं. लागेल तेवढंच त्या दिवशी पातळ करा, उरलेलं ओतून द्या, आणि मूळ पेरॉक्साइड त्याच्याच गडद रंगाच्या बाटलीत सावलीत ठेवा. डागांपुरतंच लागतं, महिन्याला दोन-चार बाटल्यांच्या वर जाणार नाही.

गणपतीपेठ_होलसेल

एन्कॅप घेताना आधी नमुना मागा. १०० मिली कुणीही देतं. ताईंनी सांगितलेली बशी करून मगच कॅन उचला.